हवाई अंतर व उड्डाणकाल

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन विमानतळांना जोडणाऱ्या लघुतम मार्गाच्या लांबीस त्या विमानतळांमधील हवाई अंतर आणि एका विमानतळावरून निघून दुसऱ्यावर पोहोचण्यास विमानाला लागणाऱ्या अवधीस उड्डाणकाल असे म्हणतात. अंतर ही भूमितीने ठरणारी राशी असून विमान कोणतेही असो वा ऋतू कोणताही असो, तीत फरक पडत नाही. उड्डाणकाल मात्र विमानाचा प्रकार, धावपट्ट्यांच्या दिशा, वारा, तापमान, हवाई वाहतूक नियंत्रणाने नेमून दिलेला मार्ग व विमानतळावरील गर्दी यांवर अवलंबून असतो. हजारो किमी.च्या प्रवासात या गोष्टींचा प्रभाव तुलनेने कमी जाणवतो. प्रादेशिक विमानतळांमधील दोनशे ते चारशे किमी.च्या टप्प्यात मात्र त्याच निर्णायक ठरतात. त्यामुळे अंतराला विमानाच्या कमाल वेगाने भागून काढलेला काळ अशा टप्प्यावर प्रत्यक्षाहून बराच कमी येतो. विमानतळापासून दूर राहणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने तर उड्डाणकाल हा एकूण प्रवासकालाचा लहानसा अंश असतो.

या विषयाच्या विवेचनास मराठवाडा व त्यालगतचा सोलापूरचा प्रदेश विशेष सोयीचा आहे. चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद), नांदेड, लातूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) व सोलापूर येथे विमानतळ वा धावपट्ट्या आहेत. तथापि त्यांतील सर्वच ठिकाणांहून नियमित प्रवासी वाहतूक चालत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे गाव या सर्वांच्या मध्ये वसलेले असून सोलापूर ते चिकलठाणा ही सरळ रेषा नकाशावर ओढल्यास ती भूमच्या परिसरावरून, ईटच्या थोडी पूर्वेकडून जाते. ईटपासून सोलापूर व लातूर ही ठिकाणे सरळ रेषेत सु. शंभर किमी.च्या आसपास, तर चिकलठाणा सु. दीडशे किमी. दूर आहे. म्हणजे विमानमार्गाच्या जवळजवळ खाली असलेले हे गाव कोणत्याही चालू विमानतळाच्या जवळ नाही.

अंतराची गणना : पृथ्वीच्या गोलावरील दोन बिंदू व पृथ्वीचे केंद्र यांतून जाणारी प्रतल-पातळी गोलपृष्ठाला ज्या वर्तुळात छेदते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. त्या वर्तुळाचा दोन बिंदूंमधील लहान कंस हा त्यांच्यामधील लघुतम मार्ग होय. दोन्ही स्थळांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असल्यास गोलीय त्रिकोणमितीच्या साहाय्याने या कंसाची लांबी काढता येते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान सपाट नकाशावर उत्तरेकडे विनाकारण वळसा घेताना दिसते, ते याच कारणाने. प्रत्यक्षात तो वळसा नसून जवळचा मार्ग असतो. दोन-तीनशे किमी.च्या अंतरात मात्र पृथ्वीच्या वक्रतेचा परिणाम इतका अल्प असतो, की शालेय भूमितीतील पायथॅगोरसच्या सिद्धांतानेही पुरेसे अचूक उत्तर मिळते.

सोलापूर विमानतळ सु. १७° ३८' उत्तर अक्षांश व ७५° ५६' पूर्व रेखांश यांवर, तर चिकलठाणा विमानतळ सु. १९° ५२' उत्तर व ७५° २४' पूर्व यांवर आहे. अक्षांशांतील फरक १३४ मिनिटांचा (कोनीय) व रेखांशांतील ३२ मिनिटांचा आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल; आंतरराष्ट्रीय संकेतानुसार त्याची लांबी १·८५२ किमी. मानतात. विमानचालनात आजही अंतर सागरी मैलांत व वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मोजण्याची प्रथा टिकून आहे, त्याचे एक कारण हा सोपा संबंध होय. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकत्र येत असल्याने रेखांशाचे मिनिट विषुववृत्तावरच तेवढ्या लांबीचे असते. सोलापूर व चिकलठाणा यांच्या मध्यावर, सु. पावणेएकोणीस अंश अक्षांशावर, ते ०·९४७ पट होते. म्हणून ३२ मिनिटांचे सु. ३० सागरी मैल भरतात. १३४ व ३० या काटकोनातील भुजा धरल्यास कर्ण सु. १३७ सागरी मैल येतो. हे अंतर सु. २५४ किमी. होय.

याच दोन शहरांमधील रस्ता तुळजापूर, धाराशिव, येरमाळा, बीड व गेवराई यांवरून जातो. हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ चा भाग असून सोलापूर–छत्रपती संभाजीनगर अंतर त्याने सु. ३१० किमी. भरते. लोहमार्गाने हाच प्रवास कुर्डुवाडी, दौंड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व मनमाड असा फेरा घेऊन करावा लागतो व तो पाचशे किमी.हून अधिक होतो. हवाई अंतराची रस्त्याच्या अंतराशी सव्वापट आणि लोहमार्गाच्या अंतराशी दुपटीची ही तुलना मराठवाड्याच्या दळणवळणाचा इतिहासही सांगून जाते. येथील लोहमार्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या व मुंबई इलाख्याच्या वेगवेगळ्या गरजांनुसार टाकले गेले, दोन्ही प्रदेशांना उत्तर-दक्षिण जोडण्याचा विचार त्यांत नव्हता. अशा प्रदेशात हवाई अंतराचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

उड्डाणकालाचे घटक : विमानाच्या चाकांखालील ठोकळे काढून ते जागेवरून हलल्यापासून, मुक्कामाच्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लावेपर्यंतच्या काळास ब्लॉक टाइम म्हणतात. वेळापत्रकात छापलेला काळ हा होय. जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा काळ त्याहून कमी असतो. सामान्य प्रवासी या दोहोंत फरक करीत नाही, पण इंधनाचा हिशोब, वैमानिकांच्या कामाचे तास व एंजिनांची देखभाल यांसाठी दोन्ही वेगवेगळे नोंदवावे लागतात.

प्रादेशिक टप्प्यांवर भारतात एटीआर ७२ या दोन टर्बोप्रॉप एंजिनांच्या, सु. सत्तर आसनांच्या विमानाचा मोठा वापर होतो. त्याचा स्थिर उंचीवरील वेग ताशी सु. ५०० किमी. असतो. या वेगाने २५४ किमी. अंतर अर्ध्या तासात कापले जावे, असे गणित सांगते. सोलापूर–चिकलठाणा हे अंतर उदाहरणादाखल घेऊन व ठोकळ आकडे धरून प्रत्यक्ष काय घडेल ते पाहता येते. एंजिने सुरू करणे, विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत नेणे व उड्डाणाची परवानगी मिळणे यांत सु. आठ मिनिटे जातात. सु. पाच हजार मी. उंची गाठेपर्यंत चौदा मिनिटे लागतात व एवढ्या वेळात विमान सु. ७५ किमी. पुढे गेलेले असते, कारण चढताना त्याचा वेग कमी असतो. उतरण्यास सु. ९० किमी. आधीच सुरुवात करावी लागते व त्यास पंधरा मिनिटे लागतात. मधल्या उरलेल्या ८९ किमी.साठीच पूर्ण वेग उपयोगी पडतो व तो भाग अकरा मिनिटांत संपतो. धावपट्टीच्या रेषेत येण्यास सहा व उतरल्यानंतर इमारतीपर्यंत येण्यास चार मिनिटे धरल्यास एकूण बेरीज ५८ मिनिटे होते. अर्ध्या तासाचा तास होतो तो असा. पूर्ण वेगाने विमान चालते ती मिनिटे एकूण काळाच्या पंचमांशाहूनही कमी असतात, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

ताशी आठशे किमी. वेगाचे जेट विमान याच टप्प्यावर योजल्यास आठ-दहा मिनिटांहून अधिक बचत होत नाही. जेट एंजिने दहा-अकरा किमी. उंचीवरील विरळ हवेत काटकसरीने चालतात. एवढ्या लहान टप्प्यात ती उंची गाठण्यापूर्वीच उतरण्याची वेळ येते, म्हणून इंधन मात्र जास्त लागते. लहान अंतरावर टर्बोप्रॉप विमान टिकून राहिले आहे, ते या हिशोबाने. वेगवान विमान म्हणजे जलद प्रवास हा समज एका विशिष्ट अंतरापलीकडेच खरा ठरतो.

सरळ रेषेपासून विमान ढळण्याची अनेक कारणे असतात. उड्डाण व अवतरण शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस करावे लागते. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाला तेथे उतरण्यापूर्वी जवळजवळ काटकोनात वळावे लागते आणि वारा पश्चिमेचा असल्यास आधी पूर्वेकडे जाऊन मग धावपट्टीकडे तोंड करावे लागते. पुणे येथील लोहगाव विमानतळासारख्या हवाई दलाच्या तळांभोवतीच्या आकाशात नागरी विमानांवर काही बंधने असतात. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालाव्या लागणे ही नित्याची बाब आहे. वेळापत्रक तयार करताना विमान कंपन्या अशा संभाव्य विलंबासाठी काही मिनिटे आधीच मिळवून ठेवतात. परिणामी विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा पुष्कळदा ऐकू येते.

वारा : विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नव्हे. हवाच वाहत असेल, तर जमिनीवरील वेग बदलतो. सोलापूर–मुंबई हे हवाई अंतर सु. ३६२ किमी. आहे. केवळ समपातळीवरील उड्डाण विचारात घेतल्यास ताशी ५०० किमी. वेगाने ते ४३ मिनिटांत तोडले जाईल. ताशी ६० किमी. वेगाचा पश्चिमेचा वारा असल्यास मुंबईकडे जाताना हाच काळ ४९ मिनिटे व परत येताना ३९ मिनिटे होतो. जाताना होणारा तोटा येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते. उत्तर-दक्षिण टप्प्यावर हाच वारा आडवा येतो. अशा वेळी वैमानिकाला विमानाचे नाक सु. सात अंशांनी वाऱ्याकडे वळवून ठेवावे लागते. वेळेतील वाढ त्यात शेकडा एकाहून कमी असते. पावसाळ्यात दख्खनवर खालच्या थरांत पश्चिमेचे जोरदार वारे, तर चौदा-पंधरा किमी.च्या आसपास पूर्वेकडून येणारा उष्ण कटिबंधीय झोतवारा वाहतो. प्रादेशिक विमाने या झोताच्या कितीतरी खाली उडतात. त्यांचा पावसाळ्यातील विलंब वाऱ्यापेक्षा ढग, कमी दृश्यता व गडगडाटी वादळे टाळण्यासाठी घ्यावे लागणारे वळसे यांमुळे होतो.

उष्णता, उंची व धावपट्टी : मराठवाड्याचे पठार समुद्रसपाटीपासून सरासरी पाचशे-सहाशे मी. उंच असून उन्हाळ्यात तेथील तापमान ४०° से.च्या वर जाते. उंचीमुळे हवा विरळ असते व उष्णतेमुळे ती आणखी विरळ होते. सहाशे मी. उंचीवर ४०° से. तापमान असताना हवेची घनता प्रमाण वातावरणातील सु. १,६५० मी. उंचीवरील घनतेइतकी असते. अशा हवेत पंखांना उत्थापन कमी मिळते व एंजिनांची शक्तीही घटते, त्यामुळे विमानाला अधिक लांब धाव घ्यावी लागते. सोलापूरची धावपट्टी सु. २,१०० मी. लांब आहे. लहान धावपट्टीवरून भर दुपारी निघायचे झाल्यास काही आसने रिकामी ठेवणे किंवा इंधन कमी घेणे भाग पडते. म्हणून उन्हाळ्यात अशा विमानतळांवरील उड्डाणे सकाळी वा सायंकाळी ठेवणे सोयीचे ठरते. अंतर आणि विमान तेच असूनही वेळापत्रकात ऋतुमानानुसार फरक आढळतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हे कारण असते.

धावपट्टीची हद्द ही कागदावरची बाब नव्हे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे मुंबईस जाणारे बोइंग ७३७ विमान औरंगाबाद येथून उड्डाण करताना धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या मालमोटारीला धडकले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. विमानाचे नाक उचलण्यास वैमानिकांनी केलेला उशीर व त्यातील चुकीची पद्धत, तसेच उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील रहदारी रोखण्याची व्यवस्था नसणे, ही कारणे चौकशीत पुढे आली. ईट, भूम वा बीडकडील प्रवासी विमानतळावर ज्या रस्त्याने येतो, तोच हा रस्ता. सोलापूर येथील अडथळा निराळ्या स्वरूपाचा होता. तेथील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सु. नव्वद मी. उंच चिमणी उड्डाणमार्गात येत होती. दीर्घ वादानंतर ती १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. चिमणीच्या बाजूने कारखान्याचे ऊस-उत्पादक सभासद व विरुद्ध बाजूने विमानसेवेची मागणी करणारे नागरिक असा हा संघर्ष होता. विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले आणि जून २०२५ मध्ये गोव्यासाठी एटीआर विमानाची नियमित सेवा सुरू झाली. सोलापूर ते गोव्यातील मोपा हे हवाई अंतर सु. ३०० किमी. आहे.

इतिहास : भारतात अंतर व काळ यांचा मेळ घालण्याची निकड प्रथम टपालासाठी निर्माण झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू येथे टपाल आणले. सु. १,०३० किमी.च्या या मार्गास त्यांच्या पुस मॉथ जातीच्या एक-एंजिनी विमानाला अहमदाबादेतील थांबा धरून सव्वासात तास लागले. तेथून टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेण्यात आले. मराठवाडा ज्यात मोडत असे त्या हैदराबाद संस्थानात डेक्कन एअरवेज ही कंपनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस स्थापन झाली. १९५३ साली इतर कंपन्यांबरोबर तिचे राष्ट्रीयीकरण होऊन ती इंडियन एअरलाइन्समध्ये समाविष्ट झाली.

अंतराच्या विचारातून आखलेली सर्वांत लक्षणीय भारतीय योजना नागपूरची होती. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होऊन ती पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. नागपूरपासून हवाई अंतर मुंबईचे सु. ६८०, दिल्लीचे सु. ८५०, मद्रासचे सु. ९०५ व कलकत्त्याचे सु. ९८५ किमी. आहे. म्हणजे ते पूर्णतः मध्यावर नाही. तथापि चारही शहरांना एका रात्रीत जाऊन-येऊन गाठता येईल असे दुसरे ठिकाण नव्हते. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या सकाळी कलकत्त्यात वाटले जाई. विमानांचा वेग आजच्या टर्बोप्रॉपहूनही कमी असताना हे शक्य झाले, कारण योजना अंतरावर नव्हे, तर चार वेळापत्रकांच्या जुळणीवर उभी होती.

लहान शहरांना जोडण्यासाठी १९८१ मध्ये वायुदूत ही संस्था स्थापन झाली. कानपूर येथे बांधलेली एकोणीस आसनांची डॉर्निअर २२८ विमाने तिच्या ताफ्यात होती. या विमानाच्या कक्षेत दाब राखण्याची सोय नसल्याने ते फार उंच उडू शकत नाही व ढगांच्या वर जाण्याचा पर्याय त्याला नसतो. सतत तोट्यात असलेली वायुदूत १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली.

अंतर, काळ व भाडे : केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर केलेल्या ‘उडान’ या प्रादेशिक जोडणी योजनेने अंतर व काळ या दोन राशींना थेट पैशाचे मोल दिले. स्थिर पंखांच्या विमानाचे सु. ५०० किमी.चे, म्हणजे साधारण एका तासाचे उड्डाण आणि हेलिकॉप्टरचे अर्ध्या तासाचे उड्डाण यांसाठी ठरावीक आसनांचे कमाल भाडे प्रारंभी रु. २,५०० ठरविण्यात आले. विमानासाठी टप्प्याची लांबी आणि हेलिकॉप्टरसाठी काळ हा भाड्याचा आधार मानला गेला. तूट भरून काढण्यासाठी कंपनीस मर्यादित वर्षे अनुदान मिळते. योजनेतील पहिल्या उड्डाणांत २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड–हैदराबाद सेवेचा समावेश होता. हे हवाई अंतर सु. २४५ किमी. असून एटीआर विमानास त्यासाठी वेळापत्रकानुसार सु. एक तास लागे. ती चालविणाऱ्या ट्रूजेट कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. अनुदान टप्प्याच्या लांबीवर आणि खर्च बव्हंशी ब्लॉक टाइमवर अवलंबून असल्याने लहान टप्पे कंपन्यांना किफायतशीर वाटत नाहीत. अंतर निम्मे झाले, तरी चढणे, उतरणे व जमिनीवरील हालचाल यांचा खर्च निम्मा होत नाही. लातूर व धाराशिव येथील धावपट्ट्या २००९ मध्ये दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आल्या, तरी त्यांचा नियमित प्रवासी वाहतुकीसाठी टिकाऊ उपयोग होऊ शकला नाही, त्यामागील कारणांपैकी हे एक होय. लातूर–नांदेड वा लातूर–सोलापूर यांसारखे टप्पे कागदावर जोडणे सोपे असले, तरी शंभर-सव्वाशे किमी.च्या अंतरात विमानाचा चढ संपताच उतार सुरू होतो.

प्रवाशाचा एकूण काळ : घरापासून इच्छित स्थळापर्यंतचा काळ मोजल्याखेरीज विमानाने वेळ वाचतो किंवा नाही, हे सांगता येत नाही. या काळात विमानतळापर्यंतचा प्रवास, उड्डाणापूर्वीची प्रतीक्षा, प्रत्यक्ष उड्डाण व उतरल्यानंतरचा प्रवास यांचा अंतर्भाव होतो. रस्त्याचे अंतर सरळ रेषेच्या सव्वापट व रस्त्यावरील सरासरी वेग ताशी ५५ किमी. मानल्यास मोटारीने ताशी ४४ किमी. सरळ अंतर कापले जाते. सोलापूर शहरात राहणाऱ्या प्रवाशास विमानतळ गाठण्यास अर्धा तास, प्रतीक्षेस एक तास, जमिनीवरील हालचाल व चढ-उतारातील जादा वेळ म्हणून अर्धा तास आणि उतरल्यावर अर्धा तास, असे अडीच तास अंतर कितीही असले तरी द्यावेच लागतात. त्यापुढील काळ ताशी ४८० किमी. दराने वाढतो. या आकड्यांनुसार सु. १२० किमी. अंतरावर मोटार व विमान यांचा काळ सारखा होतो आणि त्यापुढे विमान सरस ठरते.

ईटच्या प्रवाशाचे गणित निराळे आहे. भूम व बार्शीवरून सोलापूरच्या विमानतळापर्यंत जाण्यास त्याला सु. तीन तास लागतात असे धरल्यास त्याचा न टळणारा काळ पाच तासांचा होतो व समतोलाचे अंतर दुप्पट, म्हणजे सु. २४० किमी. होते. पुण्यास जाण्यासाठी विमानाचा विचारच त्याने करू नये, कारण पुणे सरळ रेषेत दोनशे किमी.च्या आत आहे. मुंबई ईटपासून सु. २९० किमी. असल्याने हिशोबात विमान थोडे पुढे राहते. तथापि मुंबई पश्चिमेस असताना त्याला प्रथम तीन तास आग्नेयेस जावे लागते व मग ३६२ किमी. उडावे लागते. वाचणारा वेळ तासाच्या आसपास उरतो आणि बार्शीपर्यंतच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागल्यास तोही संपतो. हैदराबाद, बंगळूर वा दिल्ली अशा दूरच्या ठिकाणी जायचे असल्यास चित्र पालटते. तेथे जमिनीवरील तीन तास सोसूनही विमानाचा लाभ मोठा असतो. उपचारासाठी वा नोकरीच्या मुलाखतीसाठी तातडीने जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा भेद केवळ सोयीचा नसतो.

धाराशिवच्या धावपट्टीवरून सेवा उपलब्ध झाल्यास ईटहून पोहोचण्याचा काळ दीड तासावर येईल व समतोलाचे अंतर सु. १७० किमी.पर्यंत उतरेल. ही घट विमानाचा वेग दुप्पट करून मिळणाऱ्या लाभाहून कितीतरी अधिक आहे. विमानाचा वेग ताशी ४८० वरून ९६० किमी. केला, तरी ईटच्या प्रवाशासाठी समतोलाचे अंतर २४० वरून सु. २३० किमी.पर्यंतच खाली येते. मात्र या सर्व गणितात विमान हवे तेव्हा मिळते, असे गृहीत धरलेले असते. प्रादेशिक मार्गांवर सेवा पुष्कळदा दिवसातून एकदा किंवा आठवड्यातील ठरावीक दिवशीच असते. विमान चुकल्यास पुढचे विमान दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी, तर राज्य परिवहनाची पुढची गाडी त्याच दिवशी मिळते. आठवड्यातून तीन दिवस असलेल्या सेवेत कोणत्याही वेळी निघू इच्छिणाऱ्या प्रवाशाची सरासरी प्रतीक्षा एक दिवसाहून अधिक भरते आणि तासाभराच्या उड्डाणापुढे ही प्रतीक्षा वेळापत्रकात कोठेच नोंदवलेली नसते.